भिंतीतली अकरा भोकं

महादू, कावळा लगेच शिवला.

मी तयारीनं आलो होतो. पेणहून सकाळच्या पहिल्या एसटीनं रोह्याला उतरलो, आणि कुंडलिकेच्या काठावर तुझ्या दहाव्याला जी माणसं जमली होती त्यांच्या मागे न राहता पुढे जाऊन उभा राहिलो. मनाशी धरलं होतं की कावळा काही लवकर शिवायचा नाही. तुझा जीव अडकलेला असणार, आणि कशात अडकलाय ते तिथं मला एकट्यालाच ठाऊक. आधी सगळ्यांचं सांगून होईल. तुझा मुलगा म्हणेल शेत विकणार नाही, तुझा भाऊ म्हणेल तुझ्या लेकीचं, सुरेखाचं, माहेर तुटू देणार नाही, आणि कावळा फांदीवर मान वाकडी करून बसून राहील. मग मी पुढे होईन, हात जोडीन आणि सगळ्यांच्या देखत बोलेन. पंधरा वर्षं जे बोललो नाही ते.

भटजी पिंड ठेवून चार पावलं मागे सरले नाहीत तोच कावळा आला. एक नव्हे, तीन आले. भांडून खाल्लं त्यांनी. तुझा भाऊ म्हणाला, महादूची कायच इच्छा राह्यली नव्हती, समाधानी गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जोडायला वर घेतलेले हात तसेच खाली सोडले.

म्हणून आज लिहायला बसलो. आज तुझं पहिलं मासिक. माझी शाळा तिसरीपर्यंत, तुझी तेवढीही नाही, तेव्हा माझ्या अक्षरावर तू हसायचं नाहीस. आणि मी तुला व्याही म्हणणार नाही. सुरेखा तुझी मुलगी, माझी सून, ते नातं खरं आहे, पण त्याच्याआधी आपण दोन गवंडी होतो, अरे-तुरे करत होतो आणि भांडत होतो. तसंच लिहितो.

आपली गाठ पडली तीच एका पुलाच्या भिंतीवर. पूल म्हटलं की लोक वरचा रस्ता बघतात आणि खालची नदी बघतात. पुलाच्या दोन्ही टोकांना रस्ता चढवत आणायला मातीचा भराव घालावा लागतो, आणि तो भराव दोन्ही बाजूंनी भिंतींनी धरलेला असतो, ते कोणी बघत नाही. भिंत गेली की भराव जातो. भराव गेला की पूल तसाच उभा, पण त्याच्यावर चढायचं कुठून? ही भिंत बांधणं आणि फुटली की सांधणं, हेच आपण आयुष्यभर केलं.

मी पेणच्या खाडीकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या खारबंदिस्तीचं काम. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलाचा बांध घालायचा आणि तो राखायचा. आमचा शत्रू एकच, खाडीतला खेकडा, चिंबोरी. तिनं बांधात बोटभर बीळ केलं की उधाणाला त्यातून पाणी घुसतं, बीळ मोठं होतं, बांधाला खांड जाते, आणि एकदा शेत खारं झालं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नाही. माझा बाप चालता चालता बांधात भोक दिसलं तर खाली वाकायचा, चिखलाचा गोळा घ्यायचा, ठासायचा आणि पुढे जायचा. बोलणं न थांबवता. मीही तेच शिकलो. भोक दिसलं की बुजवायचं, विचार करायचा नाही.

तू रोह्याच्या आतल्या डोंगरातला. तुमची शेतं पायऱ्या-पायऱ्यांची, दगडाचे ताल घालून माती धरलेली. तुम्ही दगड रचताना मुद्दाम फटी ठेवणार, भिंतीच्या मागे धोंडेगोटे भरणार, म्हणजे डोंगराचं पाणी फटीतून निघून जावं.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं. तू दुसऱ्या थराला भोक ठेवलंस, मी जेवणाच्या सुट्टीत ते दगड घालून बुजवलं. तू आलास, पहारीनं दगड काढलास आणि माझ्या पायाशी टाकलास.

"कोनाचा हात हाय हा?"

मी म्हटलं, माझा. भोकं असलेली भिंत म्हणजे भिंत नाय, चाळण.

तू कपाळावरचा घाम पुसलास आणि म्हणालास, "पानी पावण्यासारखं हाय, हिराजी. आलं तर जायची वाट ठेवायची. नायतर मुक्काम ठोकतं नि घर पाडून जातं."

मी म्हटलं, तुमच्याकडं पावणा असंल. आमच्या खारात पाणी चोर हाय.

सगळी बिगारी माणसं हसली. तेव्हापासून साइटवर आपली नावं पडली, पावणा आणि चोर. वीस वर्षं आपण हेच भांडलो. पाली, नागोठणे, वडखळ, जिथं जिथं काम मिळालं तिथं. तू भोकं ठेवायचास, मी त्याला नाक मुरडायचो, पण बाहेरचा चेहरा मी करायचो आणि तो तू मान्य करायचास. दगडांमधल्या दरजा भरण्यात माझा हात धरणारा सबंध तालुक्यात नव्हता. हे मी सांगत नाही, तू सांगायचास. नव्या ठेकेदारासमोर म्हणायचास, भिंत उभी मी करतो, पण तिला भिंत हा म्हनवतो.

थंडीत आपण काम सुटल्यावर पोपटी लावायचो. वाल तुझ्या शेतातले, मडकं माझं, पाला दोघं मिळून आणायचो. मडकं पालथं घालून भोवती जाळ केला की तू एका जागी बसायचा नाहीस, मडक्याला कान लावायला जायचास. मी म्हणायचो, कान भाजंल, बस खाली. वाल मऊ झाले की तू पहिली ओंजळ मला द्यायचास आणि म्हणायचास, खा, चोरा. त्या वालाची चव मला नंतर कुठल्याच पोपटीत आली नाही. आता तर लोक त्यात कोंबडी घालतात, अंडी घालतात, आणि तरी नाही.

मग आपल्या पोरांचं जमलं. माझा नरेश तुझ्याकडं वाल आणायला जायचा, सुरेखा वाल मापून द्यायची. वालांना फार वेळ लागायला लागला तेव्हा आपल्याला कळलं. आपण दोघंही खूश होतो, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, आता भांडण घरातच राहील.

भांडण घरात आलंच नाही. ते संपलं. लग्नात माझ्या थोरल्या बहिणीच्या मानाच्या साडीवरून मी रुसून बसलो, आठवतं? साडी चांगली होती. मला फक्त मुलाचा बाप म्हणून रुसून बघायचं होतं. तू भर मांडवात टोपी काढून माझ्यासमोर हात जोडलेस आणि म्हणालास, "चुकलं आमचं, व्याही. पदरात घ्या." आदल्या सोमवारी त्याच माणसानं मला ओळंबा चुकला म्हणून दहा जणांत झाडलं होतं. आणि मला, महादू, मला बरं वाटलं. छाती फुगली. तिथंच सगळं बिघडलं असं मला आता वाटतं. दुसऱ्या दिवसापासून साइटवरसुद्धा तू मला अहो म्हणायला लागलास. मी एकदा म्हटलं, अरे सोड ते. तू म्हणालास, मुलगी दिलीय तुमच्यात. मी पुन्हा म्हटलं नाही.

आता त्या भिंतीचं.

नागोठण्याच्या पुढे रोह्याच्या वाटेवर ओढ्यावरचा तो पूल. नाव लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. जुनी दगडी भिंत तडकली होती. तडकलेला भाग उतरवून परत बांधायचा, मागे दगडगोट्यांचा भरणा करायचा आणि दरजा भरायच्या. ठेकेदारानं भिंत आणि भरणा तुझ्या नावावर लावला, दरजा माझ्या नावावर. भिंत तू सुंदर बांधलीस. अकरा भोकं ठेवलीस, चारी बाजूंनी घडीव दगड लावून, बाहेरच्या अंगाला जरा उतार देऊन. भोकांच्या मागे आधी मोठे धोंडे, मग बारके, मग खडी. मी बघत होतो. माझ्यासारखा माणूससुद्धा बघत राहिला.

मग तू चार दिवस भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायला गावी गेलास. आणि निरोप आला की मोठे साहेब भिंत बघायला येणार आहेत.

मी दरजा भरत भरत सरकत होतो. तिसऱ्या भोकातून एक चिंबोरी बाहेर आली. ओढ्यातलीच असेल, गारव्याला येऊन बसली असेल. ती आली आणि माझा हात उठला. दगडाची कपची, मसाला, थापी. विचार केलाच नाही. बापाचा हात होता तो.

इतकं लिहिलं की माझी सुटका होते. सवयीनं झालं, संपलं. पण एक भोक सवयीनं बुजतं, अकरा बुजत नाहीत. बाकीची दहा मी ठरवून बुजवली. साहेब येणार होते, आणि मला वाटत होतं, भिंत महादूची म्हणतात, माझी म्हणजे फक्त रेघा. तर मग बघू दे, रेघा काय असतात ते. भोकाच्या जागी मी असा दगड बसवला आणि अशी दरज ओढली की तिथं कधी भोक होतं हे भिंतीलासुद्धा कळलं नसतं. साहेबांनी तळहात फिरवला आणि म्हणाले, व्वा, एकाच दगडातून कापल्यासारखी आहे. ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगितलं.

पाचव्या दिवशी तू आलास. साहेब दुसऱ्यांदा आले होते, फोटो काढायला. तू भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललास, हात भिंतीला लावून. जिथं जिथं भोक होतं तिथं तुझा हात थांबला. अकरा वेळा थांबला. मी मोजत होतो. मला वाटलं आता हा पहार उचलणार. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो, तू भांडावंस अशी मी वाट बघत होतो.

तू माझ्याजवळ आलास आणि खालच्या आवाजात विचारलंस, "व्याही, पानी कुठनं जाईल?"

मी म्हटलं, वरून गटार काढलंय ना, त्यातून जाईल.

तू साहेबांकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. सुरेखाला तेव्हा सहावा महिना चालू होता. तू पहार घेतलीस आणि दुसऱ्या कामाला गेलास.

पहिला पावसाळा गेला. मी मनात म्हटलं, बघ, काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीनं पोट काढलं. श्रावण लागायच्या आत रस्ता एका अंगानं खचला, गाड्या बंद झाल्या, रोह्याकडची पोरं शाळेला ओढ्यातून जायला लागली. मग पोट आलेला भाग एका रात्रीत बसला. कोणी मेलं नाही. देवाची कृपा म्हणतात, मी म्हणत नाही. माझ्यावर कृपा करायचं देवाला काही कारण नव्हतं.

चौकशीला नवे इंजिनियर आले. आपल्याला दोघांना भिंतीसमोर उभं केलं. पडलेला भाग म्हणजे ढिगारा. उभ्या भागावर त्यांनी नजर फिरवली, एक भोक नाही. ते तुझ्याकडं वळले, कारण भिंत तुझ्या नावावर होती. म्हणाले, इतकी वर्षं काम करता, पाणी जायला भोकं का ठेवली नाहीत?

तू माझ्याकडं बघितलंस. मी माझ्या चपलांकडं बघत होतो. उजव्या चपलेचा अंगठा उसवला होता.

तू म्हणालास, "राहून गेली, साहेब."

एवढंच. इंजिनियरांनी लिहून घेतलं. माझ्या तोंडात शब्द होता, महादू. शपथ घेऊन सांगतो की होता. पण तो बाहेर यायच्या आत इंजिनियर ठेकेदाराकडं वळले होते, आणि मग दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं, आणि मग गणपती आले, आणि मग सुरेखाच्या मुलीचा दुसरा वाढदिवस आला. एकदा राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्यानंतर तुला पुलाचं काम कोणी दिलं नाही. तू गोठे बांधलेस, विहिरीचे कठडे बांधलेस, शेवटी नुसतं शेत धरलंस. मला कामं मिळत राहिली. गवंड्यांमध्ये तुझं नाव फुगऱ्या महादू पडलं. एकदा माझ्याच ओटीवर बसून एक गवंडी म्हणाला, फुगऱ्याच्या भिंतीला सहावा महिना लागला होता म्हणे. मी हसलो. सुरेखा चहा घेऊन आली होती. तिनं माझ्यासमोर कप ठेवला, एक थेंब सांडला नाही, आणि आत गेली. ते हसणं मी आयुष्यभर परत घ्यायला बघतोय.

तू दर गणपतीला लेकीला बघायला यायचास. वाल, काकड्या, पोहे. ओटीच्या कडेला टेकायचास, खुर्ची दिली तरी. कसे आहात, बरं हाय. भात कसं आहे, बरं हाय. पूर्वी आपण पाण्याच्या थेंबावरून तास तास भांडायचो.

एक वर्ष मात्र तू एक गोष्ट केलीस. माझ्या परसातली भिंत, मागच्या चढाची माती धरलेली, जरा पुढे झुकली होती. मी बांधलेली, अर्थात एक भोक नाही. आत आरती चालू होती. मी टाळ वाजवता वाजवता खिडकीतून बघितलं तर तू पहार घेऊन खाली वाकलेला. चार घाव घातलेस. भिंतीतून आधी गढूळ पाणी आलं, मग चांगलं आलं. तू त्याच पाण्यानं हात धुतलेस, आत आलास, आरतीवरून हात फिरवलेस आणि मोदक खायला बसलास. पण मी ते भोक बुजवलं नाही. तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव. ती भिंत अजून उभी आहे ती तुझ्यामुळं. घर माझं, नातवंडं त्या भिंतीखाली खेळली, आणि मी तुला कधी बरं केलंस एवढं म्हटलं नाही.

मग या वर्षी तुझ्या छातीत पाणी झालं. मी दवाखान्यात आलो तो सांगायलाच आलो होतो. एसटीत वाक्य तयार करत होतो. तू उशाला टेकून बसला होतास, बरगड्यांमधून एक नळी काढलेली, खाली बाटलीत पिवळट पाणी जमत होतं. मी खुर्ची ओढली. तू नळीकडं बोट दाखवलंस.

"बघ हिराजी. डॉक्टरनं भोक ठेवलंन. शिकलेला मानूस हाय."

आणि हसलास. हसताना खोकला आला. पोरांच्या लग्नानंतर पहिल्यांदा तू मला नावानं हाक मारलीस, पहिल्यांदा चेष्टा केलीस, मला दार उघडून दिलंस. एवढं रुंद दार. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हटलं, जास्त बोलू नका व्याही, त्रास होईल. तुझं हसू गेलं. तू म्हणालास, व्हय. आणि खिडकीबाहेर बघत पडलास. मग सिस्टर आली आणि मी निघालो. आठ दिवसांनी नरेशला फोन आला.

दहाव्याहून परत आलो त्या संध्याकाळी मी सुरेखाला सांगितलं. ती परसात भांडी घासत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, सगळं, चिंबोरीपासून चपलेपर्यंत. म्हटलं, तुझ्या बापानं भोकं ठेवली होती, मी बुजवली. तिनं हात थांबवले नाहीत. एक पातेलं घासून विसळून पालथं घातलं.

"मला काय सांगताय, बाबा," ती म्हणाली. "आबांना सांगायचं होतंत."

त्यानंतर ती माझ्याशी तुटून वागलेली नाही. वेळेवर जेवायला वाढते, गोळी हातावर ठेवते. तेच सोसत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. ती भिंत पुन्हा सांधायला काढली आहे. पडलेला भाग मागे दुसऱ्यांनी काँक्रीटनं केला होता, तो ठीक आहे. पुलाला लागून आपला जुना दगडी तुकडा राहिला होता, त्यानं आता पोट काढलं. तुझ्या दहाव्यानंतर चार दिवसांनी मी तिथं गेलो. काही काम नव्हतं, पाय गेले. माणसं जुन्या दरजा खरवडत होती. भिंतीत सळया ठोकायच्या, वर लोखंडी जाळी लावायची आणि मशीननं काँक्रीटचा फवारा मारायचा, असं काम. सुपरवायझर पन्नाशीचा, शहाणा वाटला. तो भिंतीला नाक लावून उभा होता. मला म्हणाला, काका, इकडं या, गंमत बघा.

चार भोकं उघडी झाली होती, महादू. अकरातली चार. तू लावलेले घडीव दगड जसेच्या तसे, उतार जसाच्या तसा. सुपरवायझरनं आत सळई घातली, ती हात-दीड हात गेली आणि धोंड्यांवर खणकली. तो म्हणाला, काय काम केलंय बघा, आजकाल असं कोण करतं. आणि मग कोणा वेड्यानं ही बुजवली, कळत नाही.

मी म्हटलं, "मी बुजवली."

तो हसला. म्हणाला, काका, चेष्टा करताय.

मी म्हटलं, चेष्टा नाय. ही भिंत महादूची, त्यानं भोकं ठेवली होती, मी बुजवली, आणि नाव त्याचं गेलं. तो म्हणाला, बरं, बाजूला व्हा, मशीन येतंय.

मी त्याला म्हटलं, फोटो तरी काढा. त्यानं मोबाइल काढला, तेवढ्यात त्यालाच फोन आला. बोलत बोलत तो रस्त्यावर चढला. मशीन लागलं. अर्ध्या तासात तुझी चार भोकं गेली. पंधरा वर्षांत तुझ्या बाजूनं बोलणारी एवढीच एक साक्ष होती. पुरावा अर्धा तास उन्हात होता, आणि बघायला मी एकटा.

नवीन भिंतीला त्यांनी प्लास्टिकचे पाइप ठेवलेत, ओळीनं, दिसायला छान. दुसऱ्या दिवशी मी घरून सळई घेऊन गेलो. पहिल्या पाइपात घातली, चार बोटं गेली आणि अडली. दुसऱ्यात चार बोटं. सगळ्यांत तेच. काँक्रीटपुरतेच ठेवलेत, मागं भिंतीत भोक पाडलेलंच नाही. मी सुपरवायझरला सांगितलं, त्यानं वर कळवतो म्हणून सांगितलं. ऑफिसात जाऊन सांगितलं, तिथं अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला. नरेशनं लिहून दिला, मी सही केली. त्याचं काही झालेलं नाही. मग काम आटोपून माणसं गेली.

गेल्या आठवड्यात तीन दिवस पावसानं झोडपलं. चौथ्या दिवशी मी गेलो. ओढा दोन्ही काठ भरून चालला होता, वर रस्त्याच्या कडेला घोटाभर पाणी उभं. टोकाला चहाची टपरी आहे, तिचा मालक मला ओळखतो. भिंतीकडं हात करून म्हणाला, "बघा, झाली का नाय नीट? मागं त्या फुगऱ्यानं वाट लावली होती. आता इतका पाऊस झाला, पन एक थेंब नाय बाहेर."

मी त्याला सांगायला लागलो. पहिल्यापासून. चिंबोरीपर्यंत आलो असेन, एसटी थांबली, दहा माणसं उतरली, तो चहा ओतायला वळला. मी सांगतच होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी रस्त्याला सांगतोय.

खाली उतरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, हात भिंतीला लावून, तू चालला होतास तसा. प्रत्येक पाइपाखाली तळहात धरला.

भिंत कोरडी आहे, महादू.